नवी बॉडी घेण्याआधी थांबा. जुन्या कॅमेऱ्याचं फर्मवेअर बघितलं का?

वारासिवनी : तुळशीचं लग्न लागलं की वारासिवनी, कटंगी, लालबर्रा, खैरलांजी या पट्ट्यातल्या फोटो स्टुडिओवाल्यांची धावपळ सुरू होते. आज रामपायलीत हळद, उद्या तुमसरला वरात, परवा गोंदियात रिसेप्शन. नदी ओलांडली की राज्य बदलतं, पाहुणे मात्र तेच. याच दिवसांत जवळपास प्रत्येक स्टुडिओत एक विषय निघतो : "दादा, यंदा नवी बॉडी घेऊनच टाकू. जुनी फोकस बरोबर पकडत नाही."

नवी बॉडी म्हणजे लाख, दीड लाख, कधी त्याहून जास्त. बहुतेकांचं काम हप्त्यावर चालतं. म्हणून पैसे मोजण्याआधी एक फुकटची गोष्ट तपासायला हवी, आणि नेमकी तीच बहुतेक जण तपासत नाहीत. कॅमेऱ्याच्या मेनूत पान्याचं चिन्ह असलेलं पान उघडायचं आणि 'फर्मवेअर व्हर्जन' समोर कोणता आकडा आहे ते बघायचं. तिथे अजून १.०० च्या आसपासचा आकडा असेल आणि कंपनीच्या साइटवर ३ किंवा ४ नंबरची आवृत्ती आलेली असेल, तर तो कॅमेरा विकत घेतला त्या दिवशी जसा होता तसाच राहिला आहे. कंपनीनं मधल्या काळात त्याच्यासाठी केलेलं काम त्याच्यापर्यंत पोहोचलेलंच नाही.

फर्मवेअर म्हणजे काय?

कॅमेऱ्याच्या आत एक छोटा कॉम्प्युटरच असतो. लेन्समधून आलेला उजेड सेन्सरवर पडतो. पण पुढे फोकस कुठे धरायचा, रंग कसा ठेवायचा, फोटो कार्डवर किती वेगानं लिहायचा, फ्लॅशला कधी इशारा द्यायचा, हे सगळं एक प्रोग्राम ठरवतो. तो प्रोग्राम कॅमेऱ्याच्या कायम मेमरीत बसवलेला असतो, बॅटरी काढली तरी पुसला जात नाही. त्यालाच फर्मवेअर म्हणतात. कंपनी त्याची सुधारलेली आवृत्ती साइटवर टाकते आणि ग्राहकानं ती कार्डावर घेऊन किंवा केबल लावून कॅमेऱ्यात भरायची असते.

मोबाईलवर अपडेटची सूचना सारखी येत राहते. कॅमेरा बिचारा काही बोलत नाही, विशेषतः जुने डीएसएलआर. म्हणूनच ही सोय असूनही पाच-पाच वर्षं तशीच पडून राहते.

लग्नाच्या व्हिडिओचा एक जुना धडा

अपडेटनं काय होऊ शकतं हे समजायला कॅनन ५डी मार्क २ ची गोष्ट पुरेशी आहे. २००८ च्या शेवटी आलेला हा कॅमेरा लग्नाच्या व्हिडिओचं रूपच पालटून गेला. पण सुरुवातीला तो चांगलाच अडचणीचा होता. रात्रीच्या फोटोत प्रखर दिव्यांच्या बाजूला काळे ठिपके दिसायचे. जानेवारी २००९ मध्ये कॅननने फर्मवेअर देऊन ते घालवले.

त्याहून मोठी अडचण व्हिडिओची होती. व्हिडिओ घेताना ॲपर्चर, शटर, आयएसओ हातानं ठरवताच येत नव्हतं, कॅमेरा स्वतःच्या मर्जीनं उजेड कमी-जास्त करायचा. नवरदेव मंडपात शिरला की मागच्या हॅलोजनमुळे त्याचा चेहरा काळा पडणार, हे ठरलेलंच. जून २००९ मध्ये नवीन फर्मवेअर आलं आणि त्याच कॅमेऱ्यात हा ताबा मिळाला. एक स्क्रू बदलला नाही, एक पैसा लागला नाही.

तरी एक गोष्ट राहिलीच होती. हा कॅमेरा सेकंदाला फक्त ३० फ्रेम घ्यायचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि टीव्हीचं जुनं गणित २५ फ्रेमचं. ट्यूबलाइटच्या उजेडात ३० फ्रेमचा व्हिडिओ घेतला आणि शटर जुळलं नाही की पडद्यावर पट्टे सरकताना दिसतात, किंवा उजेड लुकलुकतो. मंगल कार्यालयात शूटिंग केलेल्या कोणालाही हे नव्यानं सांगायला नको. मार्च २०१० मध्ये कॅननने २४ आणि २५ फ्रेमची सोय देणारी आवृत्ती काढली. कॅमेरा बाजारात येऊन तोवर सव्वा वर्ष झालं होतं.

आणि या गोष्टीचा शेवटचा तुकडा विसरू नये असा आहे. ती २.०.३ नावाची आवृत्ती कॅननला लगेच मागे घ्यावी लागली. ठराविक सेटिंगमध्ये आवाजच नीट रेकॉर्ड होत नव्हता. थोड्याच दिवसांत २.०.४ आली. ज्यानं पहिल्याच दिवशी अपडेट मारून दुसऱ्या दिवशी लग्न शूट केलं असेल, त्याच्या मंगलाष्टकांचं काय झालं असेल, याची कल्पना करता येते.

जुन्या ग्राहकाला नव्या मॉडेलची सोय

चूक दुरुस्त करणं हे तर कंपनीचं कामच आहे. पण काही कंपन्या त्यापुढे जातात. फुजीफिल्मचा एक्स१०० हा कॅमेरा २०११ मध्ये विक्रीला आला. सुंदर दिसायचा, पण फोकस हळू. २०१३ च्या सुरुवातीला त्याच्या जागी एक्स१००एस आला. आता जुन्याला कोण विचारणार, असंच सगळ्यांना वाटलं असणार. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फुजीनं जुन्या एक्स१०० साठी २.०० आवृत्ती दिली. फोकस जलद झाला आणि हातानं फोकस करताना मदत करणारी 'फोकस पीकिंग' ची सोयही आली. हा कॅमेरा तेव्हा दुकानातून जवळपास गेलेलाच होता. त्यातून कंपनीला नवीन विक्री मिळणार नव्हती. अशा सतत सुधारणेसाठी जपानीत 'कायझेन' हा शब्द आहे आणि फुजीच्या ग्राहकांनी तो या अपडेटनाच चिकटवून टाकला. पुढे जून २०१५ मध्ये एक्स-टी१ ला फोकसची जवळजवळ नवी यंत्रणा मिळाली, आणि २०१८ च्या एक्स-टी३ ला ऑक्टोबर २०२० मध्ये पुढच्या एक्स-टी४ च्या जवळ जाणारा फोकस.

लग्नवाल्यांच्या तोंडी असलेला 'ए सेव्हन थ्री', म्हणजे सोनी ए७ मार्क ३, हा २०१८ चा. त्याला एप्रिल २०१९ मध्ये ३.०० आवृत्तीनं प्राण्यांच्या डोळ्यावर फोकस धरण्याची सोय दिली. निकॉन झेड६ ला मे २०१९ मध्ये माणसाचा डोळा ओळखणारा फोकस मिळाला. फेब्रुवारी २०२० मध्ये कुत्र्या-मांजरांची ओळख आणि चालत्या माणसाचा पाठलाग करणारी सुधारित पद्धत आली. वरमाला हातात घेऊन नवरी चालत येते, मध्येच कोणी काका आडवे जातात, तेव्हा फोकस काकांवर न अडकता नवरीवर राहणं म्हणजे हीच सुधारणा. "जुनी फोकस पकडत नाही" असं म्हणणाऱ्याच्या हातात २०१८ चा झेड६ असेल आणि त्यात अजून १.०० च असेल, तर दोष बॉडीवर टाकणं घाईचं होईल.

हा फरक डीएसएलआरलाही लागू आहे. कॅनन ७डी हा २००९ चा. ऑगस्ट २०१२ मध्ये त्याला २.० आवृत्ती मिळाली आणि एका दमात घेता येणारे रॉ फोटो १५ वरून २५ झाले. आतली मेमरी तीच, फक्त ती वापरण्याची पद्धत प्रोग्रामनं सुधारली.

आपल्या भागातल्या जंगल-फोटोग्राफरसाठी त्याहून कामाचं उदाहरण निकॉन डी५०० चं आहे. कान्हाच्या मुक्की गेटपासून नागझिऱ्यापर्यंत जिप्सीत हा कॅमेरा अजूनही दिसतो. तो २०१६ चा, त्यात एक्सक्यूडी कार्ड लागतं, आणि ते कार्ड पुढे बाजारात मिळेनासं होत गेलं. डिसेंबर २०२० मध्ये निकॉनने डी५००, डी८५० आणि डी५ या तिघांना त्याच खाचेत नवं सीएफएक्सप्रेस कार्ड चालवण्याचं फर्मवेअर दिलं. ते आलं नसतं तर चांगला चालणारा कॅमेरा केवळ कार्ड मिळत नाही म्हणून कपाटात गेला असता.

अपडेटनं काय होत नाही

दुकानदार किंवा यूट्यूबवाले सांगतात तसं अपडेट म्हणजे जादू नाही. त्याच झेड६ मध्ये कार्डाची खाच एकच आहे. लग्नाच्या कामात ही मोठी धास्ती, कारण कार्ड गेलं की लग्नच गेलं. कितीही आवृत्त्या आल्या तरी दुसरी खाच उगवणार नाही. ती २०२० च्या झेड६ मार्क २ मध्येच आली. निकॉन डी६०० च्या सेन्सरवर तेलाचे-धुळीचे डाग पडत, तेही फर्मवेअरनं गेले नाहीत. २०१४ मध्ये कंपनीला शटर मोफत बदलून द्यावं लागलं.

दुसरी मर्यादा प्रोसेसरची. गोंदिया आणि बालाघाट या दोन जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात सारस आहेत. महाराष्ट्राच्या बाजूला तर ते मुख्यतः गोंदियातच उरले. बांधीत उभा असलेला सारस टिपणं एक वेळ सोपं, पण उडताना मागच्या झाडांवर फोकस जातो. निकॉनने झेड९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये ४.१० आवृत्तीनं आणि झेड८ ला फेब्रुवारी २०२४ मध्ये २.०० आवृत्तीनं खास पक्षी ओळखण्याची सोय दिली. ऑलिम्पसने ई-एम१एक्स ला ती डिसेंबर २०२० मध्येच दिली होती. पण २०१८ च्या झेड६ ला ती मिळाली नाही. आकार ओळखायला दर सेकंदाला जेवढं गणित करावं लागतं, तेवढी ताकद जुन्या चिपमध्ये नसते. सारसच टिपायचा असेल तर नवी बॉडी घ्यायला कारण आहे. हळदीचे फोटो काढायचे असतील तर बहुधा नाही.

कंपनी फुकट का देते?

यात दानधर्म काही नाही. कॅमेरा एकदाच विकला जातो, पण त्या माउंटच्या लेन्स, फ्लॅश, बॅटऱ्या पुढची दहा वर्षं विकल्या जातात. ग्राहक खूश राहिला तर पुढची बॉडीही त्याच कंपनीची घेतो. लेन्सची पेटी भरलेली असली की दुसऱ्या कंपनीकडे उडी मारणं परवडतही नाही.

दुसरं कारण तितकं गोड नाही. काही वेळा कॅमेरा पूर्ण तयार नसतानाच बाजारात येतो. निकॉनने झेड९ ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर केला तेव्हा ८के व्हिडिओ ६० फ्रेमनं मिळेल, पण नंतरच्या फर्मवेअरनं, असं सांगितलं. एप्रिल २०२२ मध्ये ते दिलंही. वचन पाळलं, ठीक आहे. तरी पैसे आज आणि माल नंतर, हा सौदा ग्राहकानं ओळखून करायला हवा. दुकानात 'अपडेटमध्ये येणार आहे' हे ऐकून लाखाचा चेक फाडू नये. आज त्या डब्यात जे आहे त्याचेच पैसे द्यावे.

आणि सगळं फुकटही नसतं. पॅनासॉनिकने २०१५ मध्ये जीएच४ ला व्ही-लॉग हा व्हिडिओचा रंगप्रकार ९९ डॉलरला विकला. कॅननने २०१७ मध्ये ५डी मार्क ४ साठी सी-लॉगचे तेवढेच पैसे घेतले, वर बॉडी सर्व्हिस सेंटरला पाठवायला लावली. सोनीनं पडद्यावर आपल्याला हव्या तशा रेषा आखण्याच्या सोयीचे अमेरिकेत १४९ डॉलर लावले. शाळेतल्या शेकडो मुलांचे ओळखपत्राचे फोटो एकसारखे यावेत म्हणून या रेषा उपयोगी पडतात. मशीन ग्राहकाचं, चिप ग्राहकाची, कुलूप आणि किल्ली कंपनीची. लॉगसारख्या मोठ्या सोयीचे पैसे मागितले तर समजता येतं, पण रेषांचे पैसे घेणं जरा जास्तच झालं.

पेंटॅक्सने मात्र २०१८ मध्ये वेगळंच केलं. के-१ च्या जुन्या ग्राहकांना ५५० डॉलरमध्ये आतला मुख्य बोर्डच बदलून के-१ मार्क २ करून दिला. असं दुसऱ्या कोणी क्वचितच केलं असेल.

मग करायचं कधी आणि कसं?

वारासिवनीत बसून मिळणारी ही एकमेव कंपनी-सेवा म्हणायला हरकत नाही. कॅमेरा बिघडला की नागपूर, जबलपूर किंवा रायपूरचा रस्ता धरावा लागतो, जायला-यायला दिवस जातो आणि बॉडी पंधरा दिवस अडकते. अपडेटला यातलं काही लागत नाही.

वेळ मात्र निवडावी. लग्नाच्या आदल्या रात्री अपडेट करू नये, हा पहिला आणि शेवटचा नियम. ५डी मार्क २ चं उदाहरण वर आलंच आहे. नवी आवृत्ती आली की दोन-तीन आठवडे थांबावं. खोट असली तर तेवढ्यात जगभरातून ओरड होते आणि कंपनी ती मागे घेते. चातुर्मास ही उत्तम वेळ : लग्नं नाहीत, पावसाळ्यात कान्हाचा कोर भाग बंद, हात मोकळा.

पावसाळ्यात लाईट जाते, त्याचं काय? कार्डावरून अपडेट केलं तर काही फरक पडत नाही, कारण सगळं काम कॅमेऱ्याच्या बॅटरीवर होतं. म्हणूनच बॅटरी पूर्ण भरलेली आणि शक्यतो कंपनीचीच हवी. काही मॉडेल, विशेषतः सोनीचे जुने आणि ऑलिम्पसचे, केबल लावून कॉम्प्युटरवरून अपडेट होतात. त्यांच्यासाठी डेस्कटॉपऐवजी चार्ज असलेला लॅपटॉप घ्यावा. मध्येच वीज तुटली आणि प्रोग्राम अर्धा लिहिला गेला तर कॅमेरा चालूच न होण्याची शक्यता असते. मग खर्च मुख्य बोर्डावर जातो.

फाइल फक्त कंपनीच्या अधिकृत साइटवरून घ्यावी. गूगलवर मॉडेलचं नाव टाकलं की 'ड्रायव्हर डाउनलोड' म्हणणाऱ्या भलत्याच साइट आधी येतात. त्यांच्या वाट्याला जाऊ नये. कार्ड त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट करावं, आणि फाइल कुठल्याही फोल्डरमध्ये न टाकता कार्डाच्या अगदी पहिल्या पातळीवर ठेवावी. इथेच बहुतेकांची गाडी अडते. फाइल दोनदा डाउनलोड झाली की तिच्या नावापुढे कंसात १ असा आकडा लागतो आणि कॅमेरा म्हणतो, फाइलच नाही. नाव कंपनीनं दिलेलंच ठेवावं, एक अक्षर बदलू नये.

मेनूतून अपडेट सुरू केलं की हात बाजूला. बटण दाबायचं नाही, कार्डाचं झाकण उघडायचं नाही, पडदा काळा झाला म्हणून घाबरून बंद करायचं नाही. काही मिनिटांत कॅमेरा झालं म्हणून सांगतो. घरी कॉम्प्युटर नसेल तर निकॉन, फुजी, सोनी आणि कॅननच्या अलीकडच्या बऱ्याच मॉडेलांत कंपनीच्या मोबाईल ॲपवरूनही हे काम होतं. फक्त गावात नेटवर्क असेल तेव्हाच करावं.

काही अपडेटनंतर सेटिंग मूळ जागी जातात. म्हणून आपल्या सेटिंगच्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवणं सगळ्यात सोपं. बऱ्याच कॅमेऱ्यांत सेटिंग कार्डावर जपता येतात, पण जुन्या आवृत्तीत जपलेली फाइल नवी आवृत्ती घेईलच असं नाही. आणि हेही लक्षात असू द्यावं की बहुतेक कॅमेरे पुढे जातात, मागे येत नाहीत. नवी आवृत्ती आवडली नाही म्हणून जुनी भरता येत नाही.

या सूचना बहुधा इंग्रजीत असतात, हीही एक अडचण. गंमत म्हणजे निकॉनच्या डी७५० सारख्या कॅमेऱ्यात मेनूच्या भाषांमध्ये मराठी आहे. भाषेच्या यादीत खाली जाऊन बघण्याची तसदी फार कमी लोकांनी घेतली असेल.

सिग्मा, टॅमरॉन आणि स्वस्तातली बॅटरी

इकडच्या बहुतेक बॅगेत सगळा माल एकाच कंपनीचा नसतो. बॉडी कॅननची, लेन्स सिग्माची, फ्लॅशचा ट्रिगर गोडॉक्सचा, बॅटरी जी मिळाली ती. बॉडीची कंपनी अपडेट काढताना फक्त आपल्या मालाची खात्री करते. त्यामुळे बॉडी अपडेट झाली आणि दुसऱ्या कंपनीची लेन्स अडखळू लागली, असं होऊ शकतं. अशा वेळी लेन्सचंही फर्मवेअर असतं हे आठवावं. सिग्माचा यूएसबी डॉक आणि टॅमरॉनचं टॅप-इन कन्सोल ही डबी त्याचसाठी आहेत. गोडॉक्सच्या ट्रिगरलाही स्वतःचे अपडेट येतात. बॉडी अपडेट करण्याआधी लेन्स कंपनीच्या साइटवर त्या आवृत्तीबद्दल काही इशारा आहे का, एवढं बघितलं तरी अर्धी डोकेदुखी वाचते.

बॅटरीचाही अनुभव जगभर आला आहे. निकॉनच्या काही स्वस्त डीएसएलआर मॉडेलांत एका अपडेटनंतर दुसऱ्या कंपनीच्या बॅटऱ्या ओळखल्याच जाईनात. कंपनी सुरक्षेचं कारण देते, ग्राहकाला ती जबरदस्ती वाटते. दोघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य आहे.

सेकंडहँड बॉडी घेणाऱ्यानं तर आवृत्ती विचारावीच. कॅननच्या जुन्या बॉड्यांत 'मॅजिक लँटर्न' नावाचा मोफत, पण कंपनीचा नसलेला प्रोग्राम असू शकतो. ट्रॅमेल हडसन यांनी २००९ मध्ये ५डी मार्क २ साठी तो सुरू केला. चांगला आहे, अनेकांनी त्यावर कामं केली. पण तो कॅननच्या ठराविक आवृत्तीवरच चालतो. विकणाऱ्यानं तो टाकलेला असेल आणि घेणाऱ्यानं वरून कॅननचं नवं फर्मवेअर भरलं, तर त्या सोयी बंद पडतात.

वाय-फाय आहे म्हणजे कुलूपही हवं

ऑगस्ट २०१९ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीनं कॅनन ८०डी वर प्रयोग करून दाखवला. वाय-फायच्या वाटेनं आत शिरून कार्डावरचे सगळे फोटो कुलूपबंद केले आणि पडद्यावर खंडणीची मागणी झळकवली. त्याच सुमारास कॅननने ही वाट बंद करणारं फर्मवेअर दिलं. प्रत्यक्षात कोणाच्या लग्नाचे फोटो असे अडकतील ही भीती लहान आहे. पण लॉजच्या किंवा मंगल कार्यालयाच्या उघड्या वाय-फायला कॅमेरा जोडू नये आणि काम नसताना कॅमेऱ्याचं वाय-फाय बंद ठेवावं, यात नुकसान काही नाही.

किती वर्षं मिळणार, हे कोण सांगणार?

फ्रिजच्या कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची गॅरंटी लिहिलेली असते. कॅमेऱ्याच्या डब्यावर 'इतकी वर्षं अपडेट देऊ' असं लिहिलेलं दिसत नाही. कंपनी उत्साही असली तर मिळतात, धंदा बंद केला तर विषय संपतो. सॅमसंगने कॅमेऱ्यातून अंग काढलं, निकॉनची 'निकॉन १' मालिका बंद झाली, त्यांच्या ग्राहकांसाठी पुढे काही नवं आलं नाही.

परदेशात हे आता कायद्यात येऊ लागलं आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडता येणाऱ्या वस्तूंना सुरक्षेचे अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील हे विकणाऱ्या कंपनीला जाहीर करावं लागतं. युरोपियन युनियनचा सायबर रेझिलियन्स ॲक्ट १० डिसेंबर २०२४ ला अमलात आला. त्याच्या मुख्य जबाबदाऱ्या ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील, आणि त्यात सुरक्षेच्या अपडेटचा काळ साधारणपणे किमान ५ वर्षांचा धरला आहे. फर्मवेअरची फाइल बहुतेक वेळा सगळ्या देशांना एकच असते, त्यामुळे तिकडच्या सक्तीचा फायदा इकडेही पोहोचू शकतो. भारतात केंद्राच्या ग्राहक खात्यानं डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू त्याच्या कक्षेत आहेत, पण अपडेटची वर्षं ठरवून देणं हा त्याचा भाग नाही.

जाहिरातीत सांगितलेली सोय मिळाली नाही, किंवा वॉरंटीत असताना कंपनीच्याच अपडेटनं कॅमेरा बंद पडला आणि दुरुस्तीचे पैसे मागितले, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहेच. सीमेवरच्या लोकांना त्यातल्या दोन गोष्टी माहीत असाव्यात. एक, कॅमेरा नागपूरला घेतला किंवा गोंदियाला, ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. वारासिवनीच्या माणसाला त्यासाठी महाराष्ट्रात खेटे घालायची गरज नाही, आणि जबलपूरला कॅमेरा घेतलेल्या गोंदियाच्या माणसाला मध्य प्रदेशात यायची गरज नाही. दोन, 'तुम्ही धंद्यासाठी घेतला, म्हणून तुम्ही ग्राहक नाही' हे उत्तर स्टुडिओवाल्यानं मुकाट ऐकू नये. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू कायद्यानं 'व्यापारी हेतू' त मोडत नाही.

५ लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी जिल्हा आयोगात फी लागत नाही. कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार द्यायची असते. १ जानेवारी २०२५ पासून ती ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या भरता येते, आणि त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन करून बघता येतं. सोबत जीएसटीचं पक्कं बिल, बॉडीचा सीरियल नंबर, अपडेटच्या आधीच्या आणि नंतरच्या आवृत्तीचा पडद्यावरचा फोटो आणि कंपनीच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट असावा. कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या परदेशी मालाला फर्मवेअर बहुतेक वेळा मिळतं, पण भारतातली वॉरंटी मिळत नाही. जपानहून आलेल्या सोनीच्या काही बॉड्यांत तर मेनूची भाषा जपानीच राहते, आणि ती कुठल्याही अपडेटनं बदलत नाही.